चांद्याचं प्रकरण

वाघोली, पुणे
१३ जून २००४

बाबा, जोहार.

तेजस सुखरूप पोचला. माझ्याकडे राहायचं नाही असं तुम्ही त्याला बजावलं होतं, हे त्यानं दारातच सांगून टाकलं. आधी तो विमाननगरला मित्रांच्या खोलीवर गेला होता. तिथं इतकी मुलं, की झोपायला पाळ्या लावाव्या लागत. तेव्हा बॅग उचलून इकडे आला. म्हणाला, "ताई, बाबाले सांगू नको." मी म्हटलं, मी तर सांगणार. तर सांगते आहे.

आमच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत त्याची गादी घातली आहे. रणजितनं त्याला दुकानातला एक जुना कॉम्प्युटर जोडून दिला आहे. रणजितचं दुकान बुधवार पेठेत आहे, कॉम्प्युटर जुळवून विकण्याचं आणि दुरुस्तीचं. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल म्हणून लिहिते. मी इथल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते आणि उरलेल्या वेळात प्रबंध लिहिते.

तेजस डेक्कनवर जावाचा कोर्स करणार आहे. त्यानंतर नोकरी. इंजिनिअर झालेली मुलं इथं रोज रेल्वे भरभरून उतरतात, पण तो हुशार आहे, त्याचं होईल.

मी पत्र पाठवते म्हटल्यावर तो म्हणाला, "काऊन लिहितेस? बाबा उघडत नाही." मग थोड्या वेळानं म्हणाला, "पण फेकत पण नाही. कपाटात ठेवून देते."

कपाटात तर कपाटात.

रुपाली


वाघोली
२१ ऑक्टोबर २००४

बाबा, जोहार.

आज तुमच्याकडे कार्यक्रम असेल. सकाळी शाळेच्या मैदानात झेंडा, मग चांद्याच्या तुरुंगासमोर फाशी गेलेल्या आपल्या वीराच्या तसबिरीला हार, मग तुमचं भाषण. तेजस दुपारी म्हणाला, "आता बाबा तारघराच्या हल्ल्यापर्यंत आले असतील." तुमचं भाषण आम्हा दोघांना पाठ आहे. तुम्ही शाळेतही ते सांगायचात आणि घरी जेवतानाही. आई होती तेव्हा म्हणायची, आधी भाजी वाढू द्या, मग इंग्रजांना मारा.

दोन वर्षांपूर्वी याच दिवशी काय झालं ते तुम्ही गावात तुमच्या बाजूनं सांगितलं असेल. माझी बाजू तुम्ही ऐकलेली नाही.

माझा लेख इथल्या पेपरच्या रविवार पुरवणीत आला. संपादकांनी मथळा दिला, 'आपल्याच माणसांनी धरून दिलेला वीर'. मथळा माझा नव्हता. पण आतली ओळ माझी होती. अहेरीच्या जमीनदारणीनं त्याला पकडून इंग्रजांच्या हवाली केलं, असं सरकारी कागदांत आहे, आणि ती आपल्याच समाजातली होती, असं मी लिहिलं. तो पेपर कुणीतरी राजुऱ्याला नेला, आणि तुमचं भाषण चालू असताना स्टेजवर येऊन मोठ्यानं वाचला. लोक ओरडले. तुम्ही माइकवरून म्हणालात, ही माझी मुलगी नाही. हे मला शेजारच्या रंगरावकाकांनी फोनवर सांगितलं. त्यानंतर मी रणजितशी रजिस्टर लग्न केलं, तेव्हा तुम्ही यायचा प्रश्नच उरला नव्हता. मुलगी गोंडाबाहेर गेली, तीही सह्याद्रीतल्या महादेव कोळ्याच्या घरात, म्हणून पंचांनी तुमच्यावर डाग लावला असेल. त्याचंही तुम्ही मला काही कळवलं नाहीत.

बाबा, मी ती गोष्ट लहानपणी तुमच्या तोंडून शंभरदा ऐकली. प्रत्येक वेळी तुम्ही 'इंग्रजांनी त्याला पकडलं' म्हणालात आणि पुढे गेलात. मी कधीच विचारलं नाही, की एवढ्या जंगलात, एवढ्या वाटा माहीत असलेल्या माणसाला इंग्रजांनी पकडलं कसं. इथं पुण्यात कागद वाचताना तो प्रश्न पडला. उत्तर मिळालं, तर ते लिहू नये का?

तेजसला नवा चष्मा लागला आहे. बाकी ठीक.

रुपाली


वाघोली
२८ ऑगस्ट २००५

बाबा, जोहार.

तेजसला नोकरी लागली, हे त्यानं तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. कल्याणीनगरला काचेची इमारत आहे, तिथं सहाव्या मजल्यावर बसतो. गळ्यात कार्ड. अमेरिकेतल्या कुठल्या तरी टेलिफोन कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या. पहिल्या दिवशी घरी आला आणि हसत सुटला. म्हणाला, "ताई, अठराशे अठ्ठावन्नला आपल्या लोकांनी तारवाल्यांची छावणी मारली. आणि मी तारवाल्यांच्याच पंगतीले बसलो." रणजित म्हणाला, "मग जरा सांभाळून. तुमच्या आजोबांचं रेकॉर्ड त्यांच्याकडं असंल."

या दोघांचं रोजचं भांडण तुम्ही ऐकायला हवं होतं. रणजित आंबेगावच्या डोंगरातला. त्याचं म्हणणं, "आमचा उठाव थांबत थांबत वीस वर्षं चालला. तुमचा चार महिन्यांत आटपला." तेजस म्हणतो, "भाऊजी, आमचं सैन्य होतं. तुमच्या टोळ्या होत्या. तुम्ही सावकाराचं नाक कापायचं अन् कड्यात लपायचं." मग रणजित म्हणतो, "कडाच तसा हाय, दुसरं काय करणार?"

माझ्या प्रबंधाचा विषय नेमका हाच आहे बाबा, म्हणून सांगते. पुस्तकांत सगळं एका ओळीत असतं, 'आदिवासींनी इंग्रजांविरुद्ध उठाव केले'. जणू एकच माणूस, एकच जंगल. पण रणजितचे कोळी किल्ल्यांचे आणि घाटवाटांचे राखणदार होते. राज्य गेलं, राखण गेली, वतनं गेली, दारात सावकार आला, तेव्हा ते उठले. कड्याकपारीत लहान टोळ्या लपू शकतात, म्हणून उठाव लांबला. खानदेशात इंग्रजांनी आधी भिल्लांना मारलं आणि मग त्यांच्यातलीच पलटण उभी करून त्यांच्यावर घातली. संथाळांकडे गावंच्या गावं बायकापोरांसकट रस्त्यावर आली. आपल्याकडे जमीनदार उठले, त्यांनी माणसं जमवून फौज केली, आणि फौज मोडली तसा उठाव मोडला. मी लिहिते आहे ते हे, की उठाव का झाले यापेक्षा ते मोडले कसे, यात प्रत्येक मुलखाचा चेहरा दिसतो. कोळ्यांना पकडायलाही इंग्रजांनी कोळीच नोकरीला ठेवले होते. रणजितला हे सांगितलं तेव्हा तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. संध्याकाळी मंडईतून भाजी घेऊन आला आणि म्हणाला, "खरं हाय ना? मग लिही."

माझ्या मार्गदर्शक सुशीलाबाई पक्क्या सदाशिव पेठेतल्या आहेत. परवा म्हणाल्या, "रुपाली, आपण चार मुलूख हिंडून आलात. आता कुठंतरी मुक्काम करा. परीक्षकांना निष्कर्ष लागतो, प्रवासवर्णन नाही." चांद्याचं, म्हणजे आपल्या चंद्रपूरचं, प्रकरण अजून माझ्या मनासारखं होत नाही. तेच सगळ्यात सोपं जाईल असं वाटलं होतं.

तेजस बारीक झाला आहे. शिफ्टमुळे असेल.

रुपाली


वाघोली
१८ डिसेंबर २००५

बाबा, जोहार.

एक विचारायचं आहे. तेजसला लहानपणी हाडं दुखायची, ते कधीपर्यंत चाललं होतं? मी दहावीनंतर वसतिगृहात गेले, मला पुढचं नीट आठवत नाही. आई त्याचे पाय चेपत बसायची एवढं आठवतं.

गेला महिनाभर त्याचं दुखतं आहे. आधी गुडघे, मग पाठ, मग हातांची बोटं. यंदा इथं थंडी जास्त आहे आणि त्याच्या ऑफिसात बारा महिने एसी. मोटरसायकलवरून घरी येतो तेव्हा ओठ काळेनिळे झालेले असतात. इथल्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, कॉम्प्युटरवाल्यांची पाठ दुखतेच, व्यायाम करा. गोळ्या दिल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी डोळे पिवळे दिसतात म्हणून कावीळ सांगितली आणि बाहेरचं खाणं बंद केलं. त्याला रजा मिळत नाही. नवीन आहे, कायम व्हायचा आहे. म्हणतो, "मले काही नाही झालं. सगळ्यांचं दुखते."

तुम्ही फोन करता तेव्हा तो बरा आहे म्हणून सांगतो. त्याच्या शेजारीच मी उभी असते. तो खोटं बोलतो आहे.

मला पत्र लिहू नका हवं तर. त्याला फोनवर विचारा आणि त्यालाच सांगा, लहानपणी काय केलं होतं, कुणाला दाखवलं होतं. एवढं कराच.

रुपाली


पुणे
९ जानेवारी २००६

बाबा,

तेजसला दवाखान्यात ठेवलं आहे. छातीत कफ झाला आहे, ताप आहे. रंगरावकाकांकडे फोन केला, तुम्ही शेतावर होतात म्हणाले. हे पत्र पोचायच्या आधी मी तुम्हाला फोनवर गाठलेलं असेल, तरी लिहिते आहे. नुसतं बसवत नाही म्हणून.

निघा, बाबा.


वाघोली
१९ फेब्रुवारी २००६

बाबा, जोहार.

तुम्ही आलात तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. तुम्ही काही विचारलं नाहीत आणि मला सांगता आलं नाही. आज सांगते. तुम्हाला कळायला हवं.

दवाखान्यात न्यूमोनिया म्हणून उपचार चालू झाले. मोठे डॉक्टर येऊन जायचे, औषधं बदलायचे. त्यांनी हयगय केली असं मी म्हणणार नाही. तेजसला श्वास घेताना छातीत कळ यायची. तरी नर्स सुई टोचायला आली की तो तिला म्हणायचा, "सिस्टर, आमच्याकडच्या बाभळीचे काटे यापेक्षा मोठे असते." रणजित त्याच्यापाशी बसून राहिला. दुकान बंद ठेवलं.

मग एक तरुण डॉक्टर आली. शिकाऊ होती, नागपूरची. तिनं कागदावरचं नाव वाचलं, तेजस दशरथ सिडाम, आणि त्याच्याकडे पाहिलं. म्हणाली, "तुम्ही मूळचे कुठले?"

तेजस म्हणाला, "चंद्रपूर. राजुऱ्याजवळ."

"गोंड?"

"हो."

"लहानपणापासून अंग दुखतं? थंडीत जास्त?"

तो हो म्हणाला तशी ती तिथून जवळजवळ पळतच गेली. तिनं स्वतः रक्त काढलं, स्वतः नेलं. संध्याकाळी मला बाहेर बोलावून बाकावर बसवलं. म्हणाली, ताई, याला सिकलसेल आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात, यांच्या विळ्यासारख्या होतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. थंडीनं, दमण्यानं, पाणी कमी पडल्यानं वाढतं. आईबापांकडून येतं. आपल्याकडे, म्हणजे नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे घरटी सापडतं. इकडे पुण्यात फारसं दिसत नाही, म्हणून इकडच्या डॉक्टरांच्या मनात चटकन येत नाही. हे सांगताना ती रडत होती. तिला मीच पाणी दिलं.

त्यांनी रक्त चढवलं. रणजितचंही दिलं. पण छातीतलं फार पुढे गेलं होतं.

शेवटच्या दिवशी तो मला म्हणाला, "ताई, बाबा निघाले का?" मी म्हटलं, गाडीत आहेत. तो म्हणाला, "गाडीत थंडी असंन. शाल घेतली का त्यांनी?" त्यानंतर जे बोलला ते मला समजलं नाही. सकाळी गेला. तुम्ही तेव्हा दौंडच्या आसपास असाल.

रुग्णवाहिकेतून आपण त्याला गावी नेलं तो सगळा रस्ता तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसला होतात. नगर गेलं, बीड गेलं, नांदेड गेलं. तुम्ही एकदाच बोललात. मला म्हणालात, "ड्रायव्हरला एसी बंद करायला सांग. त्याला थंडी सोसत नाही."

मी सांगितलं. ड्रायव्हरनं माझ्याकडे वळून पाहिलं आणि एसी बंद केला.

गावाच्या वेशीशी पंच उभे होते. बाहेर लग्न केलेल्या आणि वीराच्या नावाला बट्टा लावलेल्या मुलीनं मातीला यायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही तेजसच्या पायांकडे पाहत होतात. मग त्याला उचललं आणि तुम्ही त्यांच्याबरोबर गेलात. रणजित आणि मी रस्त्याच्या कडेला गाडीजवळ थांबलो. ढोल ऐकू येत होता. खड्ड्यात माती लोटताना कसा आवाज येतो तो मला एवढ्या लांबून येणं शक्य नव्हतं, पण मी तो ऐकला. सुंदराआत्या तेवढी तांब्या घेऊन आली, आमच्या हातांवर पाणी घातलं आणि पदर तोंडात धरून परत गेली.

तुमच्यावर मी रागावले नाही असं लिहिलं तर ते खरं नाही. रागावले आहे. पण एकुलता मुलगा खांद्यावर असलेल्या माणसानं त्या वेळी पंचांशी भांडायला हवं होतं, असंही मला म्हणवत नाही.

आणखी एक. मला दिवस गेले आहेत. दवाखान्याच्या धावपळीत लक्षातच आलं नाही. त्या नागपूरच्या डॉक्टरनं माझं रक्त तपासायला लावलं. मला आजार नाही, पण माझ्यात तो अर्धा आहे. रणजितमध्येही अर्धा असला तर बाळाला होऊ शकतो. त्याच्या रक्ताची तपासणी पाठवली आहे. तो वरून शांत आहे, पण दुकानात बसून एकाच कॉम्प्युटरचे स्क्रू काढतो आणि परत लावतो.

तुम्हीही तपासून घ्या. गावात जी जी मुलं 'वातानं' दुखतात म्हणून आपण झाडपाला बांधतो, त्यांनाही न्यायला सांगा. चंद्रपूरला होतं म्हणे.

रुपाली


वाघोली
१६ जुलै २००६

बाबा, जोहार.

तुम्ही काही न सांगता आलात आणि चहाही न घेता गेलात. म्हणून जे तोंडी बोलायचं राहिलं ते लिहिते.

पीएचडीची तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं, आणि तारीख मी सुंदराआत्याला फोनवर सांगितली होती. तरी मागच्या रांगेत पांढरी टोपी दिसली तेव्हा मला वाटलं, विद्यापीठातले कुणी शिपाईकाका असतील. मग तुम्ही चष्मा पुसलात. चष्मा पुसताना तोंड उघडं ठेवायची तुमची सवय आहे.

परीक्षकांनी विचारलं, "मॅडम, एवढे भेद दाखवलेत, पण अखेर सगळे उठाव परकी सत्तेविरुद्धच ना? मग वेगळं असं काय राहिलं?" त्याचं उत्तर मी पाठ करून गेले होते. पण मला ती शिकाऊ डॉक्टर आठवली. मी म्हटलं, "सर, शत्रू एक असला तरी माणसं एक होत नाहीत. आंबेगावचा माणूस आणि राजुऱ्याचा माणूस एकाच औषधानं बरा होत नाही." परीक्षकांना हे इतिहासाच्या खोलीत जरा विचित्र वाटलं. सुशीलाबाईंनी टेबलाखालून माझा हात दाबला. नेहमीसारखा टोमणा मारला नाही.

मग अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचं आहे का. आणि तुम्ही उभे राहिलात.

"मॅडम, माझा एक प्रश्न आहे," म्हणालात. मला. मॅडम.

"चांद्याच्या प्रकरणात आपण म्हणता की त्या जमीनदारणीनं त्याला धरून दिलं. मी गावचा शाळामास्तर आहे, मला एवढंच विचारायचं आहे. तिच्यापुढे दुसरा रस्ता होता का?"

 माझ्या पोटात बाळ फिरलं. मी म्हटलं, "सर, मला माहीत नाही. इंग्रजांनी तिला धमक्या दिल्या होत्या, तिची जमीनदारी जाणार होती, एवढं कागदांतून दिसतं. तिचं स्वतःचं म्हणणं लिहून ठेवलेलं मला कुठं सापडलं नाही."

तुम्ही म्हणालात, "मग तसंही लिहा." आणि खाली बसलात.

लिहिलं आहे, बाबा. पुस्तकासाठी ते प्रकरण मी पुन्हा लिहायला घेतलं आहे. धरून दिलं हे आहेच. पण त्याच्या पुढचं पान आता रिकामं नाही. तिच्या दाराशी कोण येऊन बसलं होतं, कोणाला कशाची भीती घातली होती, आणि आपल्याला काय कळत नाही, हेही त्यात आहे. हे प्रकरण इतके दिवस का होत नव्हतं ते मला आता कळतं.

पेढे वाटत असताना मी तुम्हाला शोधलं. तोपर्यंत तुम्ही मुख्य फाटकाशी बसची वाट पाहत होतात. रणजित धावत आला तुमच्यामागे. घरी चला म्हणाला तर तुम्ही म्हणालात, गाडी आहे. मग त्याला विचारलंत, "तुमच्या रक्ताचा रिपोर्ट आला का?"

रणजितनं घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा मी कितीतरी वेळ स्वयंपाकघरात उभी होते. त्या तपासणीबद्दल मी फक्त पत्रात लिहिलं होतं.

रिपोर्ट आला आहे. त्याच्यात काही नाही. बाळाला आजार होणार नाही. फार तर माझ्यासारखा अर्धा. हे त्यानं तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात, बस आली, तुम्ही चढलात. त्या खांद्याला तो अजून हात लावून पाहतो.

रुपाली


वाघोली
२१ जानेवारी २००७

बाबा, जोहार.

आम्ही काल पोचलो. मुक्ता रस्ताभर झोपली. इथं आल्यावर मात्र रडून घर डोक्यावर घेतलं. तिला तुमच्या अंगणातलं ऊन हवं आहे. रणजित म्हणतो, तिला चंद्रपूरचंच लागू झालं.

तुम्ही फाट्यावर घ्यायला याल असं मला वाटलं नव्हतं. पंच घरी येतील असं वाटलं होतं, आणि ते आलेही, त्यांच्यात रंगरावकाकाही. मी आत मुलीला पाजत होते. तुम्ही त्यांना बसायला सांगितलंत, पाणी दिलंत, आणि म्हणालात, "माझ्या घरी माझी मुलगी आली आहे. डाग धुवायचं जेवण मी देणार नाही. हे चालत नसेल त्यानं माझ्याकडे पाणी पिऊ नये." दोघांनी भांडी खाली ठेवली आणि उठून गेले. रंगरावकाकांनी प्यायलं. त्यांच्या नातवालाही हाडदुखी आहे आणि तुम्ही त्याला चंद्रपूरला नेऊन तपासलंत, हे मला आत्यानं सांगितलं. आणखी किती मुलांना नेलंत तेही सांगितलं. तुम्ही यातलं अवाक्षर बोलला नाहीत.

मातीला मला येता आलं नव्हतं. परवा तुम्ही मला त्याच्याकडे घेऊन गेलात. तिथं गवत वाढलं आहे. तुम्ही वाकून ते उपटायला लागलात, मीही लागले.  मला वाटलं होतं मी तिथं गेल्यावर कोसळेन. गवत उपटत राहिले, एवढंच झालं.

पण ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते वेगळं आहे. निघायच्या आदल्या दुपारी तुम्ही मुक्ताला घेऊन ओट्यावर बसला होतात. मी आत झोपले आहे असं तुम्हाला वाटलं. मी जागी होते. तुम्ही तिला ती गोष्ट सांगत होतात. जशी आम्हाला सांगायचात तशीच, त्याच आवाजात, जंगल, फौज, तारघर. चार महिन्यांच्या पोरीला. ती हुंकार देत होती आणि तुम्ही दर हुंकाराला 'हां, मग' म्हणत होतात.

पकडलं तिथं तुम्ही थांबलात.  मग म्हणालात, "एक बाई होती. आपल्यातलीच. तिच्यावरही काहीतरी गुदरलं असेल. तिनं त्याला त्यांच्या हाती दिला."

पुढचं फाशीचं तुम्ही नेहमी मोठ्यानं सांगायचात. या वेळी सांगितलंच नाही. ती झोपली असावी. तुम्ही तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलंत आणि हळूच म्हणालात, "झोप आता, तेजस. ऊन आहे तोवर झोप."

तुमच्या लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही. मी बाहेर आले नाही.

रुपाली